मारामारी मुलांची, जबाबदारी शाळेची

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातल्या फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण भागात ब्रॉड स्ट्रीट आणि स्नायडर अव्हेन्यू जिथे मिळतात, तिथे साउथ फिलाडेल्फिया हायस्कूल आहे. ३ डिसेंबर २००९ रोजी या शाळेत आशियाई विद्यार्थ्यांना गाठून गाठून मारण्यात आलं. सकाळी वर्गांच्या मजल्यावर मारलं, दुपारी कॅफेटेरियात मारलं आणि शाळा सुटल्यावर घरी निघालेल्यांना रस्त्यावर मारलं. सुमारे ३० मुलांना मार बसला, त्यातल्या १३ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. मारणारी मुलं बहुतेक कृष्णवर्णीय होती. मार खाणारी बहुतेक चीन आणि व्हिएतनाममधून नुकतीच अमेरिकेत आलेली, इंग्रजी अडखळत बोलणारी होती.

एवढंच वाचलं की दोन वंशांच्या पोरांमधली दंगल डोळ्यांपुढे उभी राहते आणि उपायही लगेच सुचतात. कुणी म्हणतं, शाळेत पोलीस वाढवा. कुणी म्हणतं, मुलांना एकत्र बसवा, एकमेकांच्या संस्कृतीची ओळख करून द्या. या दोन्ही उत्तरांशी माझा वाद आहे, कारण दोन्ही सगळा दोष मुलांच्या मनात शोधतात. मुलांच्या मनात द्वेष होता, यात शंका नाही. पण तो दिवसभर त्या इमारतीत मोकाट फिरू शकला तो तिथल्या मोठ्या माणसांच्या वागण्यामुळे, आणि मोठ्यांना आपलं वागणं बदलणं भाग पडलं तेव्हाच तो आवरला. शाळेतला वांशिक तणाव निवळवायचा असेल तर सुरुवात मुख्याध्यापकांच्या खोलीपासून, सुरक्षारक्षकापासून, तक्रारीच्या कागदापासून करावी लागते. मुलांचा नंबर त्यानंतर लागतो.

साउथ फिलाडेल्फिया हा पिढ्यानपिढ्या बाहेरून आलेल्यांचा भाग. इटालियन आणि ज्यू कुटुंबं आली, दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं आली, व्हिएतनाम युद्धानंतर आग्नेय आशियातले निर्वासित आले, त्यांच्यामागून चिनी आणि मेक्सिकन आले. विख्यात गायिका मरियन अँडरसन याच शाळेच्या विद्यार्थिनी. वर्णामुळे त्यांना शहरातल्या एका संगीत शाळेने दारातूनच परत पाठवलं होतं. १९३९ मध्ये वॉशिंग्टनमधलं एक प्रतिष्ठित सभागृह त्यांना त्याच कारणाने नाकारलं गेलं आणि त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर हजारो लोकांसमोर गायल्या. ज्या समाजाने हे सोसलं त्याच समाजाच्या मुलांनी, याच शाळेत, दुसऱ्या वर्णाच्या मुलांना चेहरा पाहून मारावं याचं दुःख होतं. पण नुसतं दुःख करून काही समजत नाही. २००९ साली शाळेत साधारण ७० टक्के मुलं कृष्णवर्णीय होती आणि पाचव्या हिश्शाहून थोडी कमी आशियाई. गरिबी दोन्हीकडे होती. राज्याच्या ‘सातत्याने धोकादायक’ शाळांच्या यादीत शाळेचं नाव होतं. म्हणजे इथे काही घडेल याची कल्पना कुणालाच नव्हती, असं म्हणायला जागा नाही.

आणि इशारे मिळालेलेच होते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये शाळेजवळच्या सबवे स्टेशनवर चिनी विद्यार्थ्यांना एका मोठ्या घोळक्याने मारलं होतं. त्यानंतर वेई चेन नावाच्या विद्यार्थ्याने शाळेत चिनी-अमेरिकन विद्यार्थ्यांची संघटना काढली. नव्या मुलांना आपले हक्क कळावेत, काही झालं तर ते सांगायला कुणीतरी असावं, एवढाच हेतू. शाळेने जे करायला हवं होतं ते एक पोरगा करत होता. पुढे सरकारकडे गेलेल्या तक्रारीत आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. या मुलांच्या उच्चारांची टिंगल केवळ वर्गमित्रच करत नव्हते, शाळेतले काही कर्मचारीही करत होते. ही बाब मला हाणामारीइतकीच गंभीर वाटते. एखाद्याला ‘ए चिनी’ म्हणून हाक मारायला हरकत नाही, हे पोरं कुठून शिकतात? मोठ्यांनी तशी हाक मारली आणि कुणी काही बोललं नाही, की तो त्या इमारतीचा नियमच होऊन बसतो.

हल्ल्याच्या आदल्या दिवशी एक भांडण झालं होतं. त्यावरून अशी अफवा पसरली की आशियाई मुलांनी एका अपंग कृष्णवर्णीय मुलाला मारलं. शहरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टने निवृत्त फेडरल न्यायाधीश जेम्स जाइल्स यांच्याकडून जी चौकशी करून घेतली, तिच्यात या अफवेचा उल्लेख आहे. सूडाची भाषा अशाच बातमीतून जन्मते: आपल्यातल्या दुबळ्याला त्यांनी हात लावला. पण अफवेला एक रात्र मिळाली होती. त्या रात्रीनंतरच्या सकाळी शाळेच्या दारात उभं राहून, दोन्ही बाजूंच्या मुलांना नावाने ओळखणारं आणि खरं काय घडलं ते सांगू शकणारं कुणी मोठं माणूस असतं, तर तो दिवस वेगळा गेला असता असं मला वाटतं. सकाळच्या पहिल्या हल्ल्यानंतरही मुलांना दुपारी जेवणाच्या सुट्टीत सोडलं गेलं. सुट्टीतल्या हल्ल्यानंतरही मुलांना रस्त्यावर सोडलं गेलं. यातला प्रत्येक निर्णय मोठ्यांच्या हातात होता.

नंतर काय घडलं, ते मात्र प्रत्येक पालकाला ठाऊक असावं. ७ डिसेंबरपासून सुमारे ५० आशियाई विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि तो आठवडाभर चालवला. पंधरा-सोळा-सतरा वर्षांची, देशात नवी, भाषेत कच्ची अशी ही मुलं. त्यांचे पालक दिवसरात्र रेस्टॉरंटमध्ये नाहीतर कारखान्यात राबणारे. रोज एकत्र जमून ती आपल्यावर काय गुजरलं ते लिहून काढत आणि काय मागायचं ते ठरवत. एशियन अमेरिकन्स युनायटेडसारख्या संस्था त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मला सर्वात महत्त्वाची वाटते ती त्यांची भूमिका. आमचं भांडण कृष्णवर्णीय मुलांशी नाही, आम्हाला सुरक्षित न ठेवणाऱ्या शाळेशी आहे, असं ती वारंवार सांगत होती. अंगावरचे वळ ओले असताना हे म्हणायला फार मोठी समज लागते. माध्यमांना ‘काळे विरुद्ध पिवळे’ असा मथळा हवा होता. मुलांनी तो हाती लागू दिला नाही. बोट त्यांनी वर दाखवलं, कार्यालयाकडे.

जानेवारी २०१० मध्ये एशियन अमेरिकन लीगल डिफेन्स अँड एज्युकेशन फंड या संस्थेने केंद्र सरकारच्या न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार दाखल केली. उन्हाळा संपता संपता खात्याने तक्रारीत तथ्य असल्याचं कळवलं आणि डिसेंबर २०१० मध्ये न्याय खातं, पेनसिल्वेनियाचा मानवी संबंध आयोग आणि स्कूल डिस्ट्रिक्ट यांच्यात समझोता झाला. छळ आणि भेदभाव या विषयातला तज्ज्ञ सल्लागार नेमायचा, त्यांना प्रतिबंध करण्याचा सविस्तर आराखडा करायचा, शिक्षक-कर्मचारी आणि विद्यार्थी दोघांनाही प्रशिक्षण द्यायचं, प्रत्येक तक्रारीची चौकशी कशी झाली आणि तिच्यावर काय केलं याची लेखी नोंद ठेवायची, दरवर्षी अहवाल द्यायचा आणि छळाच्या तक्रारींची आकडेवारी जाहीर करायची, अशी त्यातली कलमं.

वाचायला ही कलमं रुक्ष वाटतात. त्यांत बंधुभाव नाही, हातात हात नाहीत. पण मी म्हणेन की सगळा जीव या कागदी वाटणाऱ्या कलमांतच आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगायला हवं.

समजा, जिन्यात एका मुलाला मागून धक्का देऊन पाडलं आणि लाथा घातल्या. त्याला इंग्रजी धड येत नाही. सुरक्षारक्षक येतो, तेव्हा मारणारा मुलगा तिथेच असतो, त्याला इंग्रजी येतं, आणि तो सांगतो की यानेच सुरुवात केली. मार खाल्लेला मुलगा हातवारे करतो, त्याचा आवाज चढतो. पाहणाऱ्याला तोच आक्रमक वाटतो. तक्रारीचा फॉर्म इंग्रजीत. घरी फोन जातो तोही इंग्रजीत, आणि तो उचलतो बहुधा तोच मुलगा, कारण घरात त्याच्याइतकंही इंग्रजी कुणाला येत नाही. दुभाष्या मागवायचा तर तो दोन दिवसांनी मिळणार. तोवर कागदावर शेरा पडलेला असतो: परस्पर भांडण, दोघांना समज दिली. पुढच्या वेळी हा मुलगा तक्रार करायला जाईल का? तो जाणार नाही, आणि शाळेच्या दप्तरात ‘घटना नाहीत’ अशी नोंद होईल. वर बसलेल्या अधिकाऱ्याला शाळा शांत दिसेल. मारणाऱ्यालाही यातून धडा मिळतो की या मुलांना मारलं तर काही होत नाही. मग दुसरा मारतो, तिसरा मारतो.

ही साखळी तोडायला कुणाचं हृदयपरिवर्तन व्हावं लागत नाही. दुभाष्या त्याच दिवशी, निदान फोनवर, मिळायला हवा. फॉर्म त्या शाळेत बोलल्या जाणाऱ्या भाषांत हवा. घटनेत वंशाचा संबंध असेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं, ‘मुलांची किरकोळ भांडणं’ या रकान्यात ढकलू नये. आणि नोंदी बाहेरच्या कुणीतरी तपासायला हव्यात, कारण संस्था स्वतःची लाज स्वतःहून उघड करत नाही. इथे मी कुठल्याही शाळेला अपवाद मानत नाही.

हे समजायला मराठी वाचकाला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर वेगळ्या तरटावर बसत, ते तरट रोज घरी नेत. पाणी हवं असेल तर नळ शिपायानेच सोडायचा. शिपाई हजर नसेल तर तहानलेलं राहायचं. तो नियम वर्गातल्या मुलांनी केलेला नव्हता. शाळा चालवणाऱ्या मोठ्यांनी तो पाळला आणि म्हणून तो मुलांच्या अंगवळणी पडला. भेदभाव टिकतो तो रोजच्या व्यवस्थेमुळे: कोण कुठे बसतं, नळ कोण सोडतं, कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला जातो. तरट बदलल्याशिवाय समतेची प्रार्थना म्हणून घेण्यात काय हशील होतं?

आता पोलिसांकडे वळू. हल्ल्यानंतर साउथ फिलाडेल्फियामध्ये कॅमेरे आणि पहारा वाढवला गेला. काही काळ ते आवश्यकही होतं, कारण भीतीने गोठलेल्या मुलाला आधी सुरक्षित पोचवायलाच हवं. पण अमेरिकेच्या शाळांनी पहाऱ्याचा आणि कडक शिक्षेचा रस्ता आधीच भरपूर तुडवला आहे. १९९४ मध्ये शस्त्रमुक्त शाळांचा कायदा आला. त्याच्या आगेमागे पसरलेलं ‘क्षमा नाही’ हे धोरण बंदुकीपुरतं राहिलं नाही. ढकलाढकली, उलट उत्तर, टोपी न काढणं, सगळ्यालाच निलंबन लागू झालं. निलंबित कोण झालं? २०१४ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने जाहीर केलेल्या देशव्यापी आकडेवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना निलंबित केलं जाण्याचं प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तिप्पट होतं. निलंबित मुलगा घरी बसतो, अभ्यासात मागे पडतो, परत येतो तो अधिक चिडून. ज्या शाळेत तणाव आहे तिथे एका वंशाच्या मुलांवर असा सरसकट बडगा चालवला तर पुढच्या हल्ल्याचीच तयारी होते.

फिलाडेल्फियानेच पुढे वेगळा रस्ता धरला, हे सांगायला मला आनंद वाटतो. शहराचे तेव्हाचे पोलीस उपायुक्त केविन बेथेल यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये एक योजना सुरू झाली. शाळेत लहानसहान गुन्ह्यासाठी पहिल्यांदा पकडलेल्या मुलाला बेड्या घालून ठाण्यावर नेण्याऐवजी समाजसेवकाकडे आणि मदतीच्या कार्यक्रमांकडे पाठवायचं. पहिल्याच वर्षी शाळांतल्या अटका निम्म्याहून कमी झाल्या. बेथेल पुढे स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुरक्षेचे प्रमुख झाले आणि २०२४ पासून ते शहराचे पोलीस आयुक्त आहेत. पोलीस खात्यातलाच माणूस हे करू शकला, कारण त्याने आधी एक साधा प्रश्न विचारला: हे मूल इथपर्यंत कसं आलं?

मग ‘संवाद घडवा’ म्हणणाऱ्यांचं काय? त्यांचा हेतू चांगला आहे, पण क्रम चुकतो. रोज मार खाणाऱ्या मुलाला मारणाऱ्याच्या समोर गोल करून बसवायचं आणि ‘तुला काय वाटलं ते सांग’ म्हणायचं, हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन गट नुसते जवळ आल्याने पूर्वग्रह आपोआप जात नाहीत. त्या संपर्कात दोघांचा दर्जा समान असावा, ध्येय एक असावं, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी आणि अधिकारपदावरच्या लोकांचा त्याला उघड पाठिंबा असावा. शेवटची अट सगळे विसरतात. साउथ फिलाडेल्फियामध्ये तर पहिलीही अट पुरी होत नव्हती. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे वर्ग बरेचसे वेगळे होते, आणि वेगळ्या मजल्याकडे बाहेरची मुलं ‘त्यांचा’ मजला म्हणूनच पाहतात.

याच्या उलट उदाहरण टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराचं. १९७१ मध्ये तिथल्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुलांना सलोख्यावर भाषण दिलं नाही. त्यांनी वर्गाची रचना बदलली. पाच-सहा मुलांचा मिश्र गट करायचा, धड्याचे तेवढेच भाग करायचे आणि एकेक भाग एकेकाला द्यायचा. परीक्षा पूर्ण धड्यावर. म्हणजे अडखळत बोलणाऱ्या मुलाकडचा भाग हवा असेल तर त्याचं बोलणं थांबून ऐकण्यावाचून इलाज नाही. त्याला चिडवलं तर आपलेच गुण जातात. काही आठवड्यांत मुलांची एकमेकांबद्दलची मतं सुधारली आणि मागे पडलेल्या मुलांचे गुणही वाढले. मला ही पद्धत आवडते, कारण ती मुलाला ‘चांगला हो’ असं सांगत नाही. दुसऱ्याची गरज लागेल अशी जागा ती तयार करते.

सध्या ज्याची खूप चर्चा आहे त्या ‘पुनर्स्थापक न्याया’बद्दलही एक सावधगिरीचा शब्द. शिक्षा करण्याऐवजी अपराध करणाऱ्याने नुकसान भरून काढायचं आणि तुटलेलं नातं सांधायचं, ही कल्पना मला पटते. रँड या संशोधन संस्थेने पेनसिल्वेनियातल्याच पिट्सबर्गच्या ४४ शाळांत दोन वर्षं तिचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निलंबनाचे दिवस कमी झाले, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारलेलं वाटलं. पण मधल्या इयत्तांतल्या मुलांचे गुण घसरले आणि विद्यार्थ्यांना स्वतःला वर्ग सुधारल्यासारखे वाटले नाहीत. म्हणून पद्धत टाकून द्यावी असं नाही. पण दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि भिंतीवर एक तक्ता, एवढ्यावर ती राबवता येत नाही. तिला वेळ लागतो, प्रशिक्षित माणसं लागतात, म्हणजेच पैसा लागतो. त्याकडे येतोच आहे.

त्याआधी एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. ‘सगळी जबाबदारी शाळेवर टाकलीत, मग मारणारी मुलं निर्दोष का?’ मुळीच नाही. दुसऱ्याला चेहऱ्यावरून निवडून मारणं हा वांशिक हल्ला आहे, तो करणाऱ्याचा वंश कोणताही असो, आणि त्याचे परिणाम त्या मुलाला भोगावे लागलेच पाहिजेत. स्वतः अन्याय सोसलेला माणूस दुसऱ्यावर अन्याय करू शकत नाही, असं मानणं ही त्या माणसाची फसवी कौतुकगाथा झाली. पण त्याच मुलांना चांगले शिक्षक, समुपदेशक पुरेसे नव्हते, आणि नव्याने आलेल्यांसाठी वेगळा कार्यक्रम चालतो हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ‘त्यांना मिळतं, आम्हाला नाही’ हा सल खोटा असला तरी खराच टोचतो. शाळेने तो कधी ऐकून घेतला नाही.

आशियाई घरांकडेही पाहायला हवं, आणि त्यात आपलीही घरं येतात. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या गप्पांत ‘त्या एरियात जाऊ नको’ हे वाक्य ज्या सहजतेने येतं, त्या सहजतेत एक वंश गृहीत धरलेला असतो. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळीने कुंकू-टिकली लावणाऱ्या भारतीयांना लक्ष्य केलं होतं. ती आठवण आपण जपतो, आणि जपायलाच हवी. पण १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक कृष्णवर्णीयांची गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं होतं, ही आठवण मात्र आपल्या अमेरिकेतल्या मंडळांत फारशी निघत नाही. शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि त्या गुलामांचं दुःख यांच्यातलं नातं फुल्यांना पुण्यात बसून दिसलं. ज्या मुलांना घरातून कृष्णवर्णीयांबद्दल भीतीच शिकवली जाते, ती शाळेत त्यांच्याशेजारी बसताना ती भीती सोबत आणतात, आणि समोरच्याला ती कळते.

पुण्यालाही हा प्रश्न अनोळखी नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आसाममधल्या हिंसाचारानंतर पुण्यात ईशान्य भारतातल्या विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. मोबाइलवरून अफवा फिरल्या आणि पुण्या-बंगळुरूहून मुलं मिळेल त्या रेल्वेने घरी निघाली. ज्या शहराला आपण विद्येचं माहेरघर म्हणतो, तिथे शिकायला आलेल्या मुलांना चेहऱ्यामुळे घाबरून पळावं लागलं. तेव्हा पोलिसांनी बंदोबस्त ठेवला, बैठका झाल्या, सुरक्षिततेची ग्वाही देण्यात आली. पण मणिपूरहून आलेल्या मुलीने वसतिगृहात किंवा वर्गात होणाऱ्या चिडवण्याची तक्रार नेमकी कुणाकडे, कोणत्या भाषेत करायची आणि त्या तक्रारीचं पुढे काय झालं हे कोण विचारणार, याची व्यवस्था आपल्या किती महाविद्यालयांत आहे? संकट आलं की ग्वाही देणं आणि रोजची यंत्रणा उभारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला चांगली जमते.

साउथ फिलाडेल्फियामध्ये २०१० च्या शरद सत्रात ओटिस हॅकनी हे नवे मुख्याध्यापक आले. समझोत्याची कलमं हातात होती, बाहेरून लक्ष होतं. मारामाऱ्या कमी झाल्या. शाळा आदर्श झाली असं कुणी म्हणणार नाही, पण मुलं वर्गात येऊ लागली, आणि बहिष्कार टाकणाऱ्यांपैकी काही जण पुढे शहरातल्या तरुणांना संघटित करण्याच्या कामात पडले. वेई चेनला २०१३ मध्ये त्याच्या कामासाठी राष्ट्रीय पातळीवरचं पीस फर्स्ट पारितोषिक मिळालं.

आणि त्याच २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्कूल डिस्ट्रिक्टने पैशांअभावी वीसहून अधिक शाळा बंद केल्या आणि सुमारे ३,८०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्याच्या नोटिसा दिल्या. त्यांत समुपदेशक होते, जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात उभे राहणारे मदतनीस होते. म्हणजे ज्या माणसांमुळे हल्ला आधीच थांबतो, नेमकी तीच. जवळची बॉक ही तंत्रशाळा बंद करून तिची मुलं साउथ फिलाडेल्फिया हायस्कूलमध्ये आणली गेली. समझोत्याच्या कागदावर कितीही चांगलं लिहिलं तरी ते अमलात आणायला माणसं लागतात, आणि माणसांना पगार लागतो.

पेनसिल्वेनियात शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. श्रीमंत उपनगराची घरं महाग, म्हणून कर जास्त, म्हणून शाळा चांगली, म्हणून घरं आणखी महाग. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्याच्या कॉमनवेल्थ न्यायालयाने निकाल दिला की निधीची ही पद्धत राज्यघटनेचा भंग करते. त्यानंतर विधिमंडळाने गरीब डिस्ट्रिक्टचा तुटवडा टप्प्याटप्प्याने भरून काढायला सुरुवात केली आहे, पण ते दरवर्षी अर्थसंकल्पात नव्याने भांडून मिळवावं लागतं.

इथे अमेरिकेतल्या मराठी माणसाचा थेट संबंध येतो. आपण घर घेतो ते ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ बघून. मुलांसाठी चांगलं पाहणं हा गुन्हा नाही, मीही तेच करेन. पण आपल्या कराचा काही भाग शहरातल्या शाळांकडे वळवायची चर्चा निघते, तेव्हा उपनगरांतल्या सभांतून विरोधाचे सूर उमटतात आणि त्यांत आपलेही असतात. दर रविवारी मराठी शाळा भरवणारी, एकांकिका बसवणारी, अधिवेशनासाठी हजारो माणसं जमवणारी आपली मंडळं संघटनेत कुठेही कमी नाहीत. पेनसिल्वेनियाच्या राजधानीत, हॅरिसबर्गमध्ये, शिक्षणाच्या निधीवर सुनावणी असते तेव्हा त्यांनी तिथे जाऊन बोलावं. मिळणारा पैसा कॅमेऱ्यांआधी दुभाष्यांवर आणि समुपदेशकांवर खर्च व्हावा, असा आग्रह धरावा. आपल्या डिस्ट्रिक्टच्या शाळा मंडळाच्या बैठकीतही विचारावं, की वांशिक छळाच्या किती तक्रारी गेल्या वर्षी आल्या, त्या किती भाषांत देता येतात आणि प्रत्येकीचं काय झालं. ‘एकही आली नाही’ असं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तो फॉर्म मागून बघावा.